दवाखान्याच्या नोंदींचे सॉफ्टवेअर जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचे आहे, क्रम कसा ठेवावा?

नौपाडा_क्लिनिक

सर्वांना नमस्कार. ठाण्यात नौपाड्यातील एका पॉलिक्लिनिकचे व्यवस्थापन मी पाहते. आमच्याकडे बालरोग, अस्थिरोग आणि जनरल मेडिसिन अशा तीन ओपीडी चालतात. रुग्णांची नोंदणी, केसपेपर, लसीकरणाच्या तारखा, प्रिस्क्रिप्शन आणि पावत्या हे सर्व एकाच सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते ज्या सर्व्हरवर चालते त्यावर विंडोज सर्व्हर २००८ आर२ आहे आणि डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ च्या एक्सप्रेस, म्हणजे मोफत मिळणाऱ्या, आवृत्तीत आहे. रिसेप्शनवरचे दोन आणि डॉक्टरांच्या केबिनमधले तीन असे पाच संगणक त्याला लॅनने जोडलेले आहेत.

हा सर्व्हर आता थकला आहे. पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी पुरली नाही, तेव्हापासून सुरू होताना तो डिस्कसंबंधीचा इशारा दाखवतो. डेटाबेसचा आकारही ८ जीबीच्या पुढे गेला आहे. नवा सर्व्हर घ्यायला तिन्ही डॉक्टरांनी संमती दिली आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो नोंदी सुखरूप नेण्याचा. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीशी देखभालीचा वार्षिक करार चालू आहे. त्यांचे म्हणणे असे, की दुपारच्या आणि संध्याकाळच्या ओपीडीच्या मधल्या वेळेत त्यांचा माणूस येईल, डेटा कॉपी करील आणि संध्याकाळी काम नव्या सर्व्हरवर सुरू होईल. अनेक वर्षांच्या नोंदी इतक्या घाईने हलवाव्यात हे माझ्या मनाला पटत नाही, पण त्यांच्याशी नेमके कोणत्या मुद्द्यांवर बोलावे एवढे तांत्रिक ज्ञान मला नाही.

तीन गोष्टींची मला विशेष काळजी आहे. स्कॅन केलेले जुने रिपोर्ट आणि एक्स-रे सर्व्हरच्या डी ड्राइव्हवरील एका फोल्डरमध्ये आहेत आणि केसपेपरमधील बटण दाबले की उघडतात. सुरुवातीच्या वर्षांत रुग्णांची नावे मराठीत, तेव्हाच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. शिवाय सॉफ्टवेअर चालण्यासाठी सर्व्हरच्या मागे एक यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची चावी असलेले छोटे उपकरण, कायम लावलेले असते. रविवारी आमचा दवाखाना बंद असतो. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया क्रमवार मार्गदर्शन करावे.


ऐरोलीकर

मॅडम, आपली शंका रास्त आहे. दोन ओपीडींच्या मधल्या वेळेत डेटा कॉपी होऊ शकेल, पण तो बरोबर आला आहे की नाही हे तेवढ्या वेळात तपासता येणार नाही, आणि या कामाचा मोठा भाग तपासण्याचाच असतो. मी ऐरोलीत सर्व्हरच्या देखभालीचे काम करतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील काही लहान रुग्णालयांची अशी स्थलांतरे केली आहेत. त्या आधारावर लिहितो.

नव्या सर्व्हरचा विचार उद्या करा, डिस्कचा आजच करा. जी डिस्क सुरू होताना इशारा देते ती आणखी किती दिवस चालेल हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून आज संध्याकाळची ओपीडी संपल्यावर कंपनीच्या माणसाला आधी डीबीसीसी चेकडीबी ही तपासणी चालवायला सांगा. डेटाबेसची पाने आतून शाबूत आहेत की नाहीत हे ती सांगते. डेटाबेस बिघडलेला असेल, तर त्याचा बॅकअपही बिघाडासकटच निघतो आणि तो रिस्टोअर करायला जाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तपासणी निर्दोष आली की चेकसमसह (डेटा बिघडला आहे का हे ओळखणाऱ्या पडताळणीच्या आकड्यासह) पूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो त्याच सर्व्हरवर न ठेवता बाहेरच्या दोन डिस्कवर ठेवावा, त्यांतील एक दवाखान्याबाहेर. तपासणीत चुका निघाल्याच, तर दुरुस्तीची आज्ञा लगेच चालवू देऊ नका. त्या दुरुस्तीच्या एका प्रकारात खराब पानांवरील नोंदी सरळ काढून टाकल्या जातात. अशा वेळी आधी जुने बॅकअप शोधावेत.

आता आवृत्त्यांविषयी. एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा विस्तारित पाठिंबा ९ जुलै २०१९ रोजी आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, म्हणजे तेव्हापासून सर्वसाधारण ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले आहे. विंडोज सर्व्हर २०२२ ला ऑक्टोबर २०३१ पर्यंत आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ ला जानेवारी २०३३ पर्यंत पाठिंबा आहे. पाच संगणकांच्या दवाखान्याला विंडोज सर्व्हर २०२२ ची इसेन्शियल्स आवृत्ती पुरेशी होते. ती नव्या सर्व्हरसोबतच विकली जाते, २५ वापरकर्त्यांपर्यंत चालते आणि तिला प्रत्येक वापरकर्त्यामागे वेगळा परवाना लागत नाही. मात्र आपले सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीवर चालते हे कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालेल’ हे उत्तर पुरेसे मानू नका.

डेटाबेसच्या आकाराकडेही पाहावे लागेल. २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेस आवृत्तीला प्रत्येक डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे. ती केवळ डेटा फाइलला लागू होते, बदलांची नोंद ठेवणारी लॉग फाइल तिच्यात मोजली जात नाही. म्हणून ८ जीबी हा आकडा नेमका कशाचा आहे ते आधी विचारा. तो डेटा फाइलचाच असेल, तर २०२२ एक्सप्रेसवर जाऊन आपल्याला फार काळ निभावता येणार नाही. २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये ही मर्यादा ५० जीबी केली आहे, पण इतक्या नव्या आवृत्तीवर आपले जुने सॉफ्टवेअर चालते का, हे कंपनीनेच तपासून सांगायला हवे. ते शक्य नसेल, तर स्टँडर्ड आवृत्तीचा खर्च धरावा लागेल.

२००८ आर२ चा बॅकअप नव्या आवृत्तीवर थेट रिस्टोअर होतो आणि डेटाबेसची सुसंगतता पातळी (तो कोणत्या आवृत्तीसारखा वागतो ते ठरवणारी सेटिंग) १०० ही जुनीच राहते, त्यामुळे सॉफ्टवेअरला सहसा फरक जाणवत नाही. परंतु नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर कधीच रिस्टोअर होत नाही. सोमवारी सकाळी पहिल्या रुग्णाची नोंद नव्या सर्व्हरवर झाली आणि दुपारी काही गंभीर अडचण निघाली, तर सकाळच्या सर्व नोंदी जुन्या सर्व्हरवर हाताने पुन्हा भराव्या लागतील. म्हणून पुढे जायचे की मागे फिरायचे याचा निर्णय रविवारी संध्याकाळपर्यंत झालाच पाहिजे, आणि तो कोण घेणार हेही आधी ठरलेले असावे. माझ्या मते तो आपल्याकडील डॉक्टरांनी घ्यावा, कंपनीच्या माणसाने नव्हे.

याच कारणाने रंगीत तालीम हवी. नवा सर्व्हर आला की त्यावर एका बॅकअपवरून संपूर्ण स्थलांतर करून पाहावे, एक संगणक त्याला जोडून काही दिवस चाचणी घ्यावी, आणि तोवर रोजचे काम जुन्या सर्व्हरवरच चालू ठेवावे. ज्या अडचणी यायच्या त्या बहुधा याच काळात येतात. एक्सप्रेस आवृत्ती नव्याने बसवल्यावर तिच्यात टीसीपी-आयपी बंद असते, त्यामुळे सर्व्हरवर सॉफ्टवेअर उघडते पण रिसेप्शनच्या संगणकावर उघडत नाही. फायरवॉलमध्ये एसक्यूएलची वाट मोकळी करावी लागते. लॉगिनची माहिती मास्टर या वेगळ्या डेटाबेसमध्ये असल्याने ती आपल्या बॅकअपबरोबर येत नाही, ती वेगळी आणावी लागते, नाहीतर डेटाबेसमधील वापरकर्ते असूनही त्यांना आत येता येत नाही. कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना आणि क्रमवारी कशी लावायची याची सेटिंग, जुन्या सर्व्हरवर जे असेल तेच नव्यावर इन्स्टॉल करतानाच निवडावे. ते नंतर बदलणे कष्टाचे आहे आणि वेगळे राहिले तर काही रिपोर्ट अचानक चूक दाखवून थांबतात. शिवाय एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारा एसक्यूएल एजंट नसतो, म्हणून रोजचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून लावून घ्या आणि तो चालला की नाही हे पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवा.


वागळे_इस्टेट

इतका व्याप करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. एसक्यूएलची सेवा बंद करावी, एमडीएफ (डेटा) आणि एलडीएफ (लॉग) या दोन फाइली नव्या सर्व्हरवर कॉपी कराव्यात आणि तेथे अटॅच कराव्यात, म्हणजे एसक्यूएलला जोडाव्यात. ८ जीबीला फार वेळ लागत नाही. किंवा जुन्याच सर्व्हरवर नवी डिस्क घालून विंडोज अपग्रेड करून घ्यावे, म्हणजे सॉफ्टवेअरला काही बदलल्याचे कळणारही नाही.


ऐरोलीकर

फाइली अटॅच करण्याची पद्धत चुकीची नाही, पण तिच्यात एक धोका आहे आणि तो नेहमी सांगितला जात नाही. नव्या आवृत्तीने फाइल अटॅच केली की त्याच क्षणी तिची अंतर्गत रचना नव्या आवृत्तीची होते आणि ती जुन्या सर्व्हरला पुन्हा वाचता येत नाही. घाईत कोणी मूळ फाइलच हलवली आणि प्रत मागे ठेवली नाही, तर परतीचा मार्ग तेथेच संपतो. शिवाय चेकसमसह बॅकअप घेताना वाचलेले प्रत्येक पान पडताळले जाते, साध्या कॉपीत ते होत नाही. डिस्क आजारी असताना हा फरक महत्त्वाचा आहे.

अपग्रेडविषयी सांगायचे तर २००८ आर२ वरून थेट २०२२ वर जाता येत नाही. आधी २०१२ आर२, तेथून २०१९, अशा पायऱ्या घ्याव्या लागतात, आणि हे सर्व त्याच जुन्या यंत्रावर, जेथे रोजच्या नोंदी आहेत. एखाद्या पायरीवर ते अडकले तर सोमवारी दवाखान्याकडे ना जुना सर्व्हर असेल ना नवा. आपण सुचवलेला मार्ग घरच्या संगणकासाठी ठीक आहे, रुग्णांच्या नोंदींसाठी मी तो सुचवणार नाही.


कोपरखैरणे_डेव्ह

ऐरोलीकर यांनी सर्व्हरची बाजू नीट मांडली आहे. मी दवाखान्यांची सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो, म्हणून सॉफ्टवेअरच्या बाजूने जे दिसते ते जोडतो. मॅडम, आपल्या तीन काळज्यांमध्ये मी चौथी घालणार आहे आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. ती म्हणजे तारखा.

आपल्याकडे तारीख आधी दिवस, मग महिना अशी लिहितात. नव्या सर्व्हरवर विंडोज आणि एसक्यूएल दोन्ही बहुतेक वेळा अमेरिकी इंग्रजीवर बसवले जातात आणि तेथे आधी महिना येतो. जुन्या पद्धतीने लिहिलेली अनेक सॉफ्टवेअर तारीख मजकूर म्हणून डेटाबेसकडे पाठवतात आणि तिचा अर्थ लावण्याचे काम एसक्यूएलच्या लॉगिनला नेमून दिलेल्या भाषेवर सोडतात. जुन्या सर्व्हरवर त्या लॉगिनची भाषा कोणीतरी ब्रिटिश इंग्रजी करून ठेवलेली असते. नव्या सर्व्हरवर लॉगिन हाताने तयार केले तर ही सेटिंग राहून जाते.

मग काय होते ते पाहा. २५ ऑगस्टला जन्मलेल्या बाळाची नोंद करताना २५ वा महिना नसल्यामुळे सॉफ्टवेअर चूक दाखवते आणि निदान आपल्याला कळते तरी. पण ७ ऑगस्टला जन्मलेल्या बाळाची तारीख ०७/०८ अशी जाते आणि ती मुकाट्याने ८ जुलै म्हणून साठवली जाते. कोणताही इशारा येत नाही. त्या बाळाची ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींची तारीख सुमारे महिनाभर आधीची निघते. बालरोगाची ओपीडी असलेल्या दवाखान्यात हे घडणे किती गंभीर आहे हे आपणच जाणता. म्हणून तालमीच्या वेळी मुद्दाम १२ तारखेच्या आतले दिवस घेऊन नव्या नोंदी करून पाहा, त्या पुन्हा उघडा, लसीकरणाचे वेळापत्रक छापून पाहा आणि महिन्याचा अहवाल काढा. जुन्या नोंदींतील तारखा जर तारीख या प्रकारातच साठवलेल्या असतील तर रिस्टोअर करताना त्या बदलत नाहीत. त्या मजकूर म्हणून साठवलेल्या असतील तर मात्र त्यांचीही हीच तपासणी हवी. कंपनीला हा एक प्रश्न आवर्जून विचारा, की जन्मतारखेच्या रकान्याचा प्रकार काय आहे.

मराठी नावांबद्दल. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले नाव डेटाबेसमध्ये देवनागरी अक्षरे म्हणून नसतेच. तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. त्यामुळे स्थलांतरात ती नावे जशीच्या तशी येतील, फक्त प्रत्येक संगणकावर तोच फॉन्ट असायला हवा आणि युनिकोड नसलेल्या प्रोग्रामसाठीची भाषा जुनीच ठेवायला हवी. संगणक बदलणार असाल तर फॉन्टची फाइल आजच जपून ठेवा. कंपनी कदाचित म्हणेल, की याच वेळी सर्व नावे युनिकोडमध्ये बदलून देतो. तो बदल चांगलाच आहे, पण तो याच रविवारी करू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होत असे, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. रूपांतर करणारी साधने शिर्के, वर्तक, कीर्ती, पूर्णिमा अशा नावांत हमखास अडखळतात, आणि नाव बिघडले की शोधताना रुग्णच सापडत नाही. सर्व्हर स्थिरावल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, नावांची यादी माणसांच्या डोळ्यांखालून घालून ते काम करावे.

स्कॅनच्या फोल्डरची गोष्ट सोपी आहे, पण विसरली जाते. डेटाबेसमध्ये प्रत्येक रिपोर्टचा पूर्ण पत्ता साठवलेला असतो, म्हणजे सर्व्हरचे नाव, ड्राइव्ह आणि फोल्डर. नव्या सर्व्हरचे नाव वेगळे असेल तर फाइली असूनही बटण दाबल्यावर काही उघडणार नाही. सर्वांत सरळ उपाय म्हणजे शेवटच्या दिवशी जुना सर्व्हर नेटवर्कवरून काढून नव्याला त्याचेच नाव, तोच आयपी पत्ता आणि तेच ड्राइव्हचे अक्षर द्यावे. फाइली विंडोजमधील रोबोकॉपी या कॉपी करण्याच्या आज्ञेने न्याव्यात. मुख्य कॉपी आठवड्याच्या मध्यात करून शनिवारी रात्री केवळ नव्या आणि बदललेल्या फाइली नेल्या की वेळ वाचतो, आणि कोणती फाइल गेली नाही याची नोंद लॉगमध्ये मिळते. डोंगलसाठी ६४ बिट विंडोजचा ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे सर्व्हरची ऑर्डर देण्यापूर्वी कंपनीला विचारा. नव्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेला संगणकातला संगणक, करण्याचा सल्ला कोणी दिला तर डोंगल त्याच्या आत दिसते का, हेही आधीच पाहावे लागेल.


वाशी_सोनोलॉजिस्ट

मी वाशीत सोनोग्राफी सेंटर चालवते. तांत्रिक बाजू वरच्या दोघांनी मांडलीच आहे. एक डॉक्टर म्हणून मला दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे नोंदी जपण्याचे बंधन सॉफ्टवेअर कंपनीवर नसून डॉक्टरांवर आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेच्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवाव्या लागतात, आणि रुग्णाने किंवा अधिकृत व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. सोनोग्राफीच्या बाबतीत पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली नोंदी २ वर्षे जपायच्या असतात, आणि प्रकरण न्यायालयात असेल तर त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत. आपल्याकडे केवळ ओपीडी आहे हे खरे, पण अस्थिरोगाच्या ओपीडीत अपघाताचे रुग्ण येतात आणि त्यांच्या भरपाईची प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. बालरोगाच्या ओपीडीतील मुलाची लसीकरणाची नोंद शाळेपासून परदेशी शिक्षणापर्यंत केव्हाही मागितली जाते. त्यामुळे ‘इतक्या वर्षांपूर्वीच्या नोंदी हव्यात कशाला, त्या वगळून हलवू, म्हणजे आकारही कमी होईल’ असा प्रस्ताव आला तर तो तिन्ही डॉक्टरांसमोर ठेवल्याशिवाय मान्य करू नका. जुन्या नोंदी वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवता येतात. त्या पुसून टाकण्याची गरज नसते.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. तालमीसाठी घेतलेला बॅकअप हा खऱ्या रुग्णांचा खरा डेटा आहे. कंपनीचा माणूस तो पेन ड्राइव्हवर घालून कार्यालयात घेऊन जाणार असेल, तर त्याला नकार द्यावा आणि तालीम दवाखान्यातच करायला सांगावी. दूरून काम करायचे असेल तर आपल्यासमोर, आपण परवानगी दिल्यावर आणि तेवढ्यापुरते करावे. राउटरवर रिमोट डेस्कटॉपची वाट इंटरनेटसाठी कायम उघडी ठेवण्याची मागणी काही जण करतात, ती कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरच्या (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या) हल्ल्यामुळे बंद पडले आणि इतक्या मोठ्या संस्थेला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. आपल्यासारख्या लहान दवाखान्याला तेवढे मनुष्यबळही नसते. म्हणून मी माझ्या सेंटरवर रोजचा बॅकअप घेतलेली डिस्क काम झाल्यावर सर्व्हरपासून काढून कपाटात ठेवायला लावते. सर्व्हरला कायम जोडलेली डिस्क अशा हल्ल्यात सर्व्हरबरोबरच जाते.

जुना सर्व्हर भंगारात किंवा बदलीत देताना त्यातील डिस्क काढून आपल्याकडेच ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर या गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.


नौपाडा_क्लिनिक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. ऐरोलीकर सर, आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री चेकडीबी चालवून घेतली. सुदैवाने एकही चूक निघाली नाही. बॅकअप दोन डिस्कवर घेतला असून त्यांतील एक डिस्क आमच्या फिजिशियन डॉक्टरांच्या घरी ठेवली आहे. ८ जीबी हा आकडा डेटा आणि लॉग या दोन्हींचा मिळून आहे, एकट्या डेटा फाइलचा आकार ५ जीबीच्या आसपास निघाला. तेव्हा एक्सप्रेस आवृत्ती सध्या पुरेशी होईल असे दिसते.

कंपनीशी आज बोलणे झाले. जन्मतारखेच्या रकान्याबद्दल विचारल्यावर त्यांनी वेळ मागून घेतला आणि नंतर कळवले, की जन्मतारीख तारीख या प्रकारात आहे, पण पुढच्या लसीची तारीख मजकूर म्हणून साठवली जाते. कोपरखैरणेच्या सरांनी लिहिले नसते तर हा प्रश्न आम्हाला सुचला नसता. तालमीला कंपनी तयार झाली आहे.

आता माझे दोन प्रश्न उरतात. तालमीच्या वेळी आम्ही दवाखान्यातील लोकांनी, ज्यांना डेटाबेस कळत नाही, नेमके काय तपासावे? आणि जुना सर्व्हर किती काळ, कोणत्या अवस्थेत ठेवावा?


ऐरोलीकर

डेटा फाइल ५ जीबीची आहे हे ऐकून बरे वाटले. लॉग त्या मानाने मोठा दिसतो, तो का वाढला आहे हे कंपनीला पाहायला सांगा. बहुधा डेटाबेस फुल रिकव्हरीवर (लॉगचा बॅकअप घेईपर्यंत सर्व बदल लॉगमध्ये राखून ठेवणाऱ्या सेटिंगवर) असेल आणि लॉगचा बॅकअप कधी घेतलाच गेला नसेल.

तपासणीसाठी डेटाबेस कळण्याची मुळीच गरज नाही, उलट रिसेप्शनवर रोज बसणाऱ्या व्यक्तीइतकी चांगली तपासणी मला करता येणार नाही. कागदी केसपेपरांच्या कपाटातून वेगवेगळ्या वर्षांचे काही केसपेपर काढा. त्यांत सर्वांत जुना एक, या आठवड्यातला एक, मराठीत नाव असलेले काही, पुष्कळ स्कॅन जोडलेला एक, आणि एकाच नावाचे दोन रुग्ण असतील तर तेही घ्या. प्रत्येक रुग्ण नव्या सर्व्हरवर शोधून कागदाशी ताडून पाहा आणि त्याचा प्रत्येक स्कॅन उघडा. यादीत त्याचे नाव दिसते एवढ्यावर थांबू नका. एकूण रुग्णसंख्या, मागील आर्थिक वर्षाची पावत्यांची एकूण रक्कम आणि शेवटचा पावती क्रमांक हे दोन्ही सर्व्हरवरून छापून घ्या. ते तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि एका रुपयाचाही फरक आला तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. प्रत्येक डॉक्टरांनी आपापल्या केबिनमधून एक प्रिस्क्रिप्शन लिहून छापून पाहावे, कारण छपाईची मांडणी प्रत्येक प्रिंटरवर वेगळी बिघडू शकते. चाचणीच्या या नोंदी अंतिम स्थलांतराच्या वेळी नव्या सर्व्हरवर राहू नयेत, म्हणून शनिवारी रात्री तालमीचा डेटाबेस काढून टाकून ताज्या बॅकअपवरूनच रिस्टोअर करायला सांगा.

शनिवारी शेवटचा बॅकअप घेण्यापूर्वी पाचही संगणकांवर सॉफ्टवेअर बंद असल्याची खात्री करा आणि बॅकअप झाल्यावर जुना डेटाबेस केवळ वाचण्यापुरता करून ठेवा. म्हणजे रविवारी एखाद्या डॉक्टरांनी चुकून जुन्या सर्व्हरवर नोंद केली आणि ती हरवली, असे होणार नाही. महावितरणचा देखभालीसाठीचा शटडाउन त्या दिवशी आपल्या भागात नाही ना हेही पाहून घ्या, आणि नव्या सर्व्हरबरोबर यूपीएसची बॅटरीही नवी घ्या.

जुना सर्व्हर निदान एक आर्थिक वर्षअखेर पार होईपर्यंत ठेवावा असे मी सुचवीन, कारण वार्षिक अहवालांतील अडचणी तेव्हाच दिसतात. तो नेटवर्कला जोडू नका, विशेषतः नव्याला त्याचेच नाव आणि आयपी दिल्यानंतर. परंतु ज्या डिस्कची शाश्वती नाही तिच्यावर विसंबूनही राहता येणार नाही, म्हणून तो बंद करण्यापूर्वी डिस्क-टू-व्हीएचडी या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने संपूर्ण सर्व्हरची प्रतिमा काढून घ्या. गरज पडली तर ती प्रतिमा दुसऱ्या यंत्रावर हायपर-व्ही या विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनच्या सुविधेत, नेटवर्कशिवाय, उघडून पाहता येते.


कोपरखैरणे_डेव्ह

एकच पुरवणी. पुढच्या लसीची तारीख मजकूर म्हणून साठवली जाते असे कंपनीने कळवले आहे, तेव्हा त्या रकान्याचा वेगळा अहवाल मागा. पुढील तीन महिन्यांत लस देय असलेल्या सर्व बाळांची यादी जुन्या सर्व्हरवरून काढा, तीच यादी तालमीच्या सर्व्हरवरून काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचा. ही यादी बालरोगतज्ज्ञांकडे काम करणाऱ्या सिस्टरनी वाचली तर उत्तम, कारण बाळाचे वय आणि लस यांचा मेळ बसत नसेल तर त्यांच्या ते लगेच लक्षात येते. फरक आढळला तर कंपनीला लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्रजी करायला सांगा आणि यादी पुन्हा काढा. सोमवारी ओपीडी सुरू झाल्यावर पहिल्या काही नव्या बाळांच्या नोंदी छापून त्याच सिस्टरना दाखवाव्यात.


नौपाडा_क्लिनिक

दोन्ही सरांचे आणि डॉक्टर मॅडमचे पुन्हा आभार. आपले सर्व मुद्दे एका पत्रात लिहून कंपनीला पाठवले आहेत आणि त्यावर त्यांची लेखी संमती मागितली आहे. सर्व्हरची ऑर्डर डोंगलच्या ड्रायव्हरबद्दल उत्तर आल्यावरच देणार आहोत. लसींच्या यादीचे काम सिस्टरनी आनंदाने स्वीकारले आहे. तालीम झाली की काय जुळले आणि काय जुळले नाही ते येथे सविस्तर लिहीन.